चौकटीची वही

रात्रभर भट्टीपुढे पाव उलटवून
सकाळी सातला मी घरी येते.
जाड पडदे ओढते, उशीत तोंड खुपसते,
आणि आठच्या ठोक्याला वरच्या मजल्यावर
झेनॉनच्या किल्ल्या वाजतात.
दार लागतं.
मग ती सुरू होते.

वूचच्या या जुन्या गिरणीवस्तीत
लाल विटांच्या भिंती आवाज अडवत नाहीत,
मुरवत ठेवतात.

मी सोसायटीकडे तीन तक्रारी लिहिल्या.
पहिलीत ‘कृपया’ होतं.
दुसरीत नव्हतं.
तिसरीत लिहिलं : कुत्री मुद्दाम करते,
मालकावर सूड उगवते,
एकदा चौदावं रत्न दाखवा, गप्प बसेल.

चौथी लिहायच्या आत तोच दारात.
निवृत्त ट्रामचालक, कानांपर्यंत लाल,
एका हातात खारवलेल्या काकड्यांची बरणी,
काखेत चौकटीची वही.
‘माफी मागायला नाही आलो,’ म्हणाला,
‘म्हणजे मागतोच. पण
तुम्हाला सगळं ऐकू येतं ना?
मग सांगाल का, मी गेल्यावर
ती कितव्या सेकंदाला सुरू होते?
मला ते कधीच कळणार नाही.
मी असतो तेव्हा फिगा भुंकतच नाही.’

कुत्र्यांचं कळणारी एक हाल्श्का म्हणून बाई
त्याच्याकडे येऊन गेली होती.
तिने आधी दार पाहिलं, मग कुत्री.
ओरखडे सगळे कडीच्या आसपास.
सोफा शाबूत. जोडे शाबूत.
‘ही चिडलेली नाही,’ म्हणाली, ‘वाट शोधते आहे.
आणि चटईवरचं मूत
हे तिचं मत नव्हे.’

तेव्हापासून झेनॉन
किल्ल्या उचलतो आणि चहा टाकतो.
कोट चढवून बटाटे सोलतो.
बूट घालून रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत बसून राहतो,
किल्ल्यांमधला अर्थ झिजून जाईपर्यंत.
मग दाराबाहेर एक सेकंद.
परत आत.
जाताना निरोप नाही, येताना कौतुक नाही,
जणू कोणी कुठे गेलंच नव्हतं.
मग तीन सेकंद. मग परत दोन.

मी खाली अंथरुणात, छातीवर फोन.
तो जिन्यात, भिंतीला टेकून.
तिचं बिनसतंय असं वाटलं की मी मिस्ड कॉल द्यायचा.
पहिल्या आठवड्यात मी भुंकण्याची वाट पाहत असे,
म्हणजे दर वेळी उशीर.
मग नखं ऐकू यायला लागली.
दारापासून खिडकीपर्यंत टिकटिक, खिडकीपासून दारापर्यंत,
आणि मध्येच एक थांबणं,
श्वास रोखल्यासारखं.
भुंकणं त्यानंतर येतं.
इतकी वर्षं मी फक्त
शेवटचा शब्द ऐकत होते.

अकरा. चौदा. सदतीस. एकोणतीस.
डिसेंबरात एकशे बारा.
वर्षअखेरच्या फटाक्यांनी पुन्हा चार.
त्या रात्री मला बेकरीतून सुट्टी होती.
तो न्हाणीघराच्या फरशीवर, ती त्याच्या कोटात,
मी उंबरठ्यावर बसून काकडी खात होते.
मी म्हटलं, हिला कोणीतरी
पेट्रोल पंपावर बांधून पळालं असेल.
झेनॉन म्हणाला, ‘हाल्श्का सांगते
गोष्ट रचू नका. मोजा.’

मार्चमधल्या एका मंगळवारी
किल्ल्या वाजल्या. दार लागलं.
टिकटिक झाली, मग एक धप्प,
कोणीतरी सगळं वजन जमिनीला देऊन टाकल्यासारखं.
मी मोजायला लागले,
शंभर, दोनशे,
दोनशे चाळीस…

दुपारी झेनॉनने वही उघडून विचारलं, किती?
माहीत नाही, म्हटलं. मला झोप लागली.
त्याने पेन्सिल उचलली, ठेवली,
तो रकाना कोराच सोडला.

छत्रीवर मात्र ती अजून गुरगुरते.
त्याचं पुढच्या पानावर.