भिडू

ग्वालेग्वायच्या क्लबात, शुक्रवारी रात्री,
त्रुकोच्या टेबलावर चाळीस वर्षं
डेल्फोर आणि एवारिस्तो भिडू.
या खेळात भिडूला खुणा करायची मुभा असते.
भुवया वर: तलवारीचा एक्का.
डोळा मारला: सोट्याचा एक्का.
ओठाचा कोपरा एका बाजूला: मोहरांची सत्ती.
खालचा ओठ दातात: तिर्री.
समोरच्यांना दिसता कामा नये, एवढंच.

डेल्फोरचा चेहरा तेव्हा
दोरीवर वाळत घातलेलं धुणं,
वारा कुठून आला ते लगेच कळायचं.
जिंकून आलाय की हरून
हे मला फाटकाची कडी वाजायच्या आत ठाऊक.

मग एका हिवाळ्यात एवारिस्तो कुरकुरला,
"नेलिदा, तुझा नवरा हल्ली खुणाच करत नाही.
माझ्यापासून पानं लपवतो."
डेल्फोर म्हणाला, "केली होती की.
भुवया उचलल्या होत्या."
उचलल्याच असतील.
आतून.

हात नंतर थरथरला.
चेहरा आधी गेला, आणि आम्ही सगळे
त्यालाच बोल लावत बसलो.

भाऊ रुफिनो गेला तेव्हा
वहिनी माझ्या कानाशी म्हणाली,
बघ, तोंडावरची माशी हलत नाही याच्या.
अकराव्या दिवशी, टीव्हीवर
साबणाच्या जाहिरातीत एक कुत्रं चिखलात लोळलं,
आणि हा रडला, कॉलर भिजेपर्यंत.
कुणासाठी रे?
"माहीत नाही. आलं."

पारानाच्या डॉक्टरणीनं फोटो मांडले पुढ्यात,
पत्ते मांडावेत तसे.
हा माणूस? "हसतोय."
ही बाई? तो बराच वेळ बघत राहिला.
"चिडलीय."
ती घाबरलेली होती.
मी शेजारच्या खुर्चीत, तोच चेहरा घालून.

भाचीला मुलगी झाली. फोन आला. "छान," म्हणाला,
विजेचं बिल भरलं म्हणून सांगावं तसं.
त्या दिवशी मी बशी आपटली.
तुला काही वाटतं की नाही?
यावर तो ओरडला असता तर बरं झालं असतं.
त्यानं विचार केला. प्रामाणिकपणे.
"वाटतं. पण लांबून.
शेजारच्या घरात रेडिओ लागलाय.
चाल कळते.
शब्द नाही लागत."

एवारिस्तो दुसऱ्या टेबलावर गेला.
त्याला दोष नाही देत मी; खेळ खेळासारखा हवा.
आता समोर मी बसते. खुणा बंद.

गेल्या शुक्रवारी, पंधराला एक कमी असताना,
याचा आवाज आला, पाण्याखालून यावा तसा:
"त्रुको."
समोरचे दोघे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.
तिथे काय सापडणार!
नुसतं पाणी, जानेवारीतल्या नदीचं, वारा पडलेलं.
त्यांनी पानं टाकली.
यानं आपलं पान उलटलं, दुसऱ्या हातानं पहिल्याला धरून.
चव्वी. खेळातलं सगळ्यात फालतू पान.
अख्खा क्लब हसून लोळला,
एवारिस्तोनं तर खुर्चीच पाडली.
तो तेवढा जसाच्या तसा.

घरी येताना विचारलं, मजा आली का रे?
तो थांबला. चालणं आणि उत्तर
दोन्ही एकदम जमत नाही आता.
"बघून सांगतो," म्हणाला.
आम्ही उभे, दिव्याच्या खांबाखाली.
एक ट्रक गेला. कुणाचं तरी कुत्रं भुंकून दमलं.
"आली," म्हणाला. "बरीच."

मग माझ्याकडे पाहिलं, निरखून, नवं पान उचलावं तसं:
"तू रागावलीस?"
मी हसत होते.
निदान सुरुवात तरी हसण्यानंच झाली होती.
"हसतेय," मी सांगितलं, मोठ्यानं,
पान उताणं टाकावं तसं.