मासे कुणी साफ केले

मातोझिन्योशच्या रात्रशाळेत
दर गुरुवारी आम्ही एक कादंबरी वाचतो.
बायका सार्डिनच्या कारखान्यातून थेट येतात,
लिंबाने हात धुऊन. तरी एखादं खवलं
पानाला चिकटतंच.
सव्विसाव्या पानावर एक आहे,
दिव्याखाली धरलं की चमकतं.

माझ्याकडे मंत्रालयाची मार्गदर्शिका आहे.
तिच्यात छापलंय : मुख्य आशय, एका घराण्याचा ऱ्हास.
त्याखाली बारीक टाइपात प्रेम, पैसा, अब्रू.
मी सगळं फळ्यावर उतरवलं
आणि वळून विचारलं,
"तर मग, ही गोष्ट कशाबद्दल आहे?"

ग्रासिएत म्हणाली, प्रेमाबद्दल.
तिचं लग्न ठरलंय, तिला सध्या पावसाळी बूटही प्रेमाबद्दलच वाटतात.
उंबेलीना म्हणाली, त्या वकिलाबद्दल,
मरत कसा नाही मेला एकदाचा!
मी मान डोलावली. हातावरचा खडू झटकला.

देओलिंदा सहसा बोलत नाही.
चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, ओळीखाली बोट,
एकेक शब्द ती टोपली उतरवावी तसा
जपून खाली ठेवते.
म्हणाली, "मास्तर, मी मोजलं.
आतापर्यंतच्या एकशे ऐंशी पानांत चौदा जेवणं झाली.
नऊ वेळा मासे होते.
कुणी साफ केले?"

वर्ग हसला. मीही.

"मोठ्या बाईसाहेब म्हणतात, घशात काटा लागला.
म्हणजे बाकीचे काटे कुणीतरी काढलेच होते ना?
ती दारातून येते, ताट ठेवते, वाक्य संपतं.
वाक्य संपल्यावर ती जाते कुठे?"

मी मार्गदर्शिका चाळली.
शेवटच्या पानावर फक्त छापखान्याचा पत्ता.

मग पानं उलटायचा आवाज सुरू झाला.
त्रेसष्टावर 'चादरी बदलल्या गेल्या'.
उंबेलीना म्हणाली, गेल्या म्हणे! पायांनी?
एकशे बारावर 'दिवे लागले'.
आपोआप, ग्रासिएत म्हणाली,
आणि या वेळी तिला हसू आलं नाही.

कोइंब्राला याच पुस्तकावरच्या निबंधात
मला वीसपैकी सतरा मिळाले होते.
आई तेव्हा पोर्तोत लोकांचे जिने पुसायची.
निबंधात जिन्यावर एक आख्खा परिच्छेद होता :
जिना म्हणजे घराण्याची उतरण, वगैरे.

"लेखकाला दिसलंच नसेल," मी म्हणालो,
जरा त्याची बाजू घेऊन, जरा माझी.
"दिसलं होतं," देओलिंदा म्हणाली.
"दार उघडं ठेवलंय ना त्याने.
पुढे जायला धीर झाला नसेल,
किंवा भूक लागली असेल."

साडेनऊ झाले. पहाटे पाचची पाळी सगळ्यांनाच.
पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळताना तिने विचारलं,
"पुढच्या गुरुवारी जेवण आहे का?"
आहे, म्हटलं. लग्नाचं.
"अगं बाई," ती जागीच थांबली,
"किती माणसं?"