दोन टिंबं

वानाद्झोरच्या थिएटरमागे, कोळशाच्या बोळात
आमचा छापखाना.
वराझदात उस्ताद खिळे जुळवायचे, मी शाई घोटायचे.
फेब्रुवारीत शाईआधी बोटं शेकावी लागत.

आरुस्याकनं नाटक आणलं, पिवळ्या दोरीत बांधलेलं.
वर तीनच शब्द.
तू परत येशील
पुढे चिन्ह नाही, ठिपका नाही.
उस्ताद म्हणाले, बाई, हे नाव आहे की वारा?
ती म्हणाली, मला ठरवता येईना.

आता आमच्या लिपीची खोड सांगते.
बाकीच्यांचा प्रश्न वाक्याच्या शेपटाला लोंबतो,
सगळं बोलून झाल्यावर कळतं, अरे, हे तर विचारत होते.
आमचा प्रश्न शब्दाच्या डोक्यावर बसतो,
नेमका त्या स्वरावर, जिथे आवाज चढतो.
म्हणून आमच्यात विचारण्याआधी ठरवावं लागतं
नक्की कुठे दुखतंय.

उस्तादांनी चिमट्यात तो इवलासा आकडा धरला,
शब्दांवरून फिरवला गोमाशीसारखा.
‘तू’वर टेकवला :
तू? इतक्या जणांतून तू?
‘परत’वर :
म्हणजे एकदा येऊन गेलास, तेवढ्यानं भागलं नाही?
‘येशील’वर नेला
तेव्हा आरुस्याक खिडकीबाहेर बघायला लागली.
तिथे काही नव्हतं. बर्फात रुतलेला एक ट्रक.

दिग्दर्शक होवाकिम म्हणाला, उद्गारचिन्ह द्या,
शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवं.
हिशेबनीस म्हणाला, तीन द्या,
पहिल्या रांगाही रिकाम्याच असतात.
उस्ताद म्हणाले, उद्गाराचे खिळे दोनच होते,
एक निवडणुकीत झिजला, एक लग्नपत्रिकांत.
मी हळूच म्हटलं, तीन ठिपके?
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी दार सताड टाकून झोपले होते.

रात्री अकराला त्यांनी पूर्णविराम ठोकला.
आमचा पूर्णविराम म्हणजे दोन टिंबं, एकावर एक.
नावाला कुणी पूर्णविराम देतं का, हिशेबनीस कुरकुरला.
उस्ताद म्हणाले,
दिवसभर उभं आहे बिचारं. बसू दे जरा.

दोनशे पोस्टरं. नऊ प्रयोग.
सातव्याला शेगडी विझली, लोक कोटांत बसून राहिले.
शोघिक ते वाक्य रोज म्हणायची, नुसतं, चिन्हाशिवाय :
पहिल्या रात्री ती धमकी होती,
चौथ्या रात्री उधारी,
शेवटच्या रात्री तर
उद्या थंडी वाढेल म्हणावं, तसं.
त्या रात्री मी रडले. का, ते विचारू नका,
कुठल्या शब्दावर विचारायचं तेच तुम्हाला माहीत नाही.

एक पोस्टर आरुस्याकनं चौघडी करून
रोस्तोवला धाडलं.
तिथे गेघाम अकरा वर्षं विटा रचत होता.
आधी दर हिवाळ्यात यायचा,
मग एकाआड एक,
मग पैसे यायचे.

एप्रिलात फोन आला. बोळात चालू फोन आमचाच.
मी बेकरीत पळत जाऊन तिला आणलं,
कोपरापर्यंत पीठ.
रिसीव्हर फुटका, सगळ्यांना सगळं ऐकू येई.

पोस्टर पोचलं, तो म्हणाला.
पण खालचा कागद फाटलाय की काय?
‘तू परत येशील’, मग दोन टिंबं,
आणि पुढे कोरं.
पुढची ओळ कुठाय, आरुस?
काय सांगणार होतीस?

अकरा वर्षं रशियन पाट्या, रशियन पावत्या.
डोळाच फिरला होता माणसाचा.
आमचा शेवट त्याला सुरुवात दिसत होता.

उस्तादांनी यंत्राचा पट्टा उतरवला.
मी तोंड उघडलं, त्याची चूक सांगायला,
त्यांनी शाईचा हात माझ्या तोंडावर ठेवला.

आरुस्याकनं रिसीव्हर खांद्यात धरला,
पिठाचे हात झग्याला पुसले,
म्हणाली, थांब हं, वाचून दाखवते.

तिच्या हातात कागद नव्हता.