सुई आणि काटा

किबुये बाजाराच्या फाटकापाशी ओमोलो
वजनकाटा घेऊन बसतो.
दहा शिलिंगांत खरं सांगतो.
चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली,
श्वास सोडून उभी राहिले,
जणू हवा कमी केली की माणूसही कमी होतं.
"अठ्ठ्याहत्तर!" केवढ्यांदा म्हणाला तो.
टोमॅटोवाल्या क्वांबोकाने मान वर केली.

दोन वर्षांपूर्वी मी एकोणसत्तर होते.
मधे आठ सुया आहेत.
दर तीन महिन्यांनी एक, डाव्या दंडात.
त्यांचं कार्ड मक्याच्या पिठाच्या डब्यात,
प्लास्टिकमध्ये गुंडाळून, अगदी तळाशी.
पिठात हात घालणारी घरात मी एकटीच.
तीन मुलं झाली. चौथ्याचं नाव
सासूने कधीच ठरवून ठेवलंय.

नर्स चेलांगात म्हणाली,
"कोणाची भूक खवळते, कोणाची नाही,
कोणाच्या अंगाला काय लागेल, सांगता येत नाही.
बदलायची का पद्धत?"
दुसऱ्या पद्धतीला सही नको होती,
पण घरी दोन दिवस पडून राहावं लागलं असतं तर?
त्याचं कारण काय सांगायचं होतं मी?
म्हटलं, राहू दे.
नऊ किलो मी वाहीन.
मूल तर त्याहून जड असतं,
आणि ते दर वर्षी वाढतं.

मग चहातली साखर सोडली.
तीन चमचे, मग एक, मग नुसता दुधाचा रंग.
बोडाबोडावर बसायचं सोडलं,
न खपलेल्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन
तळ्याच्या बाजूने चालत घरी.
सुईनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र
रस्त्यावरच्या चपातीचा वास
अंगावर धावून यायचा.
दोनदा हरले. एकदा चार खाल्ल्या, उभ्याउभ्या,
आणि तेल पुसलं विकायच्या कपड्यालाच.

कुठल्याशा थंड देशातून आलेल्या गाठोड्यात
एक निळा झगा निघाला होता.
तो मी विकायला मांडला नाही.
त्याची झिप माझा दुसरा काटा.
जूनमध्ये ती कमरेशी अडायची,
सप्टेंबरात बरगड्यांपर्यंत चढली,
आणि तिथे कितीतरी दिवस
हट्टी म्हशीसारखी बसून राहिली.

ख्रिसमसच्या आधी ती मानेपर्यंत गेली.
तेव्हा लोकांनी विचारायला सुरुवात केली.
क्वांबोका आवाज खाली आणून म्हणाली,
"कुठल्या दवाखान्यात जातेस? चांगला आहे का तो?"
आमच्याकडे जाड होणं म्हणजे सुबत्ता,
बारीक होणं म्हणजे बातमी.
ओगुटू चिडला. मी भरलेली असताना
दोस्त त्याला म्हणायचे, बायकोला नीट पोसतोस.
माझे किलो उतरले
तशी त्याची पत उतरली.
आणि सासू. तिने बिनसाखरेचा चहा पाहिला,
भाजीतलं तेल बाजूला सारताना पाहिलं,
आणि माझा हात धरून म्हणाली,
"मळमळतंय का गं?"
डोळ्यांत दिवा लागला होता म्हातारीच्या.
पित्त झालंय, म्हटलं मी.
खोट्याचंही वजन असतं.
ते कुठल्याच काट्यावर येत नाही.

काल नववी सुई.
निळ्या झग्याची बाही दंडावर चढेना,
म्हणून झिप उतरवावी लागली,
इतक्या महिन्यांनी वर नेलेली.
चेलांगात हसली, कापूस दाबला,
कार्डावर पुढची तारीख लिहिली.

परतताना ओमोलोच्या काट्यावर उभी राहिले.
आकडा त्याने पाहिला,
आणि हळू, अगदी हळू म्हणाला,
"बहात्तर, ताई,"
जसं कोणी घरात आजारी असताना बोलतात.
पैसे घेईना. "राहू दे," म्हणाला, "जपा."
मी खाली उतरले
आणि दहा शिलिंगांचं नाणं
त्याच्या काट्यावरच ठेवलं.
सुई हलली नाही.
एवढ्याने नाही हलत ती.

पिठाचा डबा अर्धा झालाय.
उद्या भरायला हवा.