पाच-शून्य

बांबोळीला सकाळी आठ वाजता
वायू भरून पोट फुगवलं
आणि पाच छिद्रांतून आत गेलो.
कुष्टा वेळीप, गाव खोल, वय एकसष्ट,
डोंगरउतारावर मिरची लावणारा माणूस
आमच्या पडद्यावर
कैक पटींनी मोठा होऊन झोपलाय.

दुपारपर्यंत गाठ निघाली.
कापणं शिकवता येतं.
आता जोडायचं आहे.

स्वादुपिंड. नाव काय गोड ठेवलंय.
ह्याचं तर शहाळ्यातल्या मलईसारखं,
नळी जेमतेम तीन मिलिमीटर,
आणि तिच्यातून ठिबकणारा रस
आपलं मांस, परकं मांस ओळखत नाही.
वाट नाही मिळाली तर
धन्यासकट घर पचवतो.

धागा पाच-शून्य. केसाहून किंचित जाड.
इथे हातांना उलटं चालावं लागतं,
मी डावीकडे वळले की सुई उजवीकडे.
हॉस्टेलात बुटांच्या खोक्याला भोकं पाडून
आत साळदाटी केळ्याची साल ठेवायचे,
रात्रभर टाके.
सकाळी लिंडा दात घासता घासता विचारायची,
केळं जगलं का गं?

पहिला टाका पुढून मागे, आरपार,
आतड्याची पाठ जराशी उचलून
पुन्हा मागून पुढे.
असे तीन. गाठ मारायची नाही अजून.
आधी त्या इवल्या तोंडाला तोंड भिडवायचं:
घड्याळातले सहा, मग पाच, मग सात,
आत प्लास्टिकची एक काडी,
सुईने चुकून समोरची भिंत धरू नये म्हणून.
पडदा वर-खाली होतो.
"अन्वेश, श्वास."
कॅमेरा धरलेला पोरगा ओशाळतो,
पोट स्थिर होतं.

आता गाठी.
लांब दांडीतून स्पर्श फारसा येत नाही,
ताण डोळ्यांनीच मोजायचा.
जास्त ओढलं तर धागा लोणी कापत जातो,
कमी ओढलं तर फट.
नेमकं किती, हे माझ्या सरांनाही
कधी सांगता आलं नाही.
मागे उभे राहून ते फक्त म्हणायचे,
पुरे.

पुरे.

तिसऱ्या दिवशी
पोटातल्या नळीचं पाणी तपासायला गेलं.
"दोतोर, जेवण केन्ना?"
जेवण म्हणजे काय ते मला माहीत आहे,
त्याच्या बायकोच्या पिशवीत
कागदात बांधलेल्या लाल मिरच्या मी पाहिल्यात.

रिपोर्ट आला. तीनशे चाळीस.
गळतंय म्हणावं तर तसं नाही,
सुटलो म्हणावं तर तेही नाही.
नळी राहू दे, मी सिस्टर एस्पेरान्साला सांगितलं,
दोन दिवसांनी परत बघू.

कुष्टाने आकडा विचारला नाही.
खाटेच्या कडेची पिशवी उचलून
खिडकीच्या उजेडाला धरली,
पाटाचं पाणी बघावं तशी, बराच वेळ.
"नितळ आसा," म्हणाला,
आणि कुशीवर वळता वळता
नळी आठवून
पुन्हा उताणा झाला.