मोनोचं बटण

शंभर वॉट घ्या काका, म्हणाला लॅमिंग्टन रोडचा पोरगा,
आणि रिमोट आधी हातात दिला,
किंमत मागाहून सांगितली.

शंभर वॉट.
आमच्याकडे शंभरचा दिवा कुणी लावला
तर वडील मुकाट उठून चाळीसचा लावायचे.
कन्नमवार नगरात दहा बाय बाराची खोली,
मधल्या भिंतीवर बोट वाजवलं
तरी पलीकडून सावे विचारतात, कोण आहे?

स्पीकर आहेत माझ्याकडे.
ताडदेवला एका घराचं सामान निघालं तेव्हा घेतलेले,
सागवानी, जड,
पुढचं कापड मांजरानं ओरबाडलेलं,
पाठीवर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय: आठ ओहम.
पंधरा दिवस कपाटाशी उभे आहेत
मुहूर्ताच्या आधीच येऊन बसलेल्या पाहुण्यांसारखे.
शालन त्यांच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते.

पोरगा सांगत सुटला,
ब्लूटूथ आहे, बास आहे,
निळा दिवा आहे, अंधारात आकडे दिसतात.
मी विचारलं, मोनो आहे का?
काका, स्टिरिओ आहे हा! दोन्ही बाजूंनी येतं.

येत असेल रे.
घेणारी बाजू एकच आहे.

एकतीस वर्षं पॉवरप्रेसवर.
डावा कान तिथेच राहिला, विक्रोळीच्या शेडमध्ये,
पत्र्याला भोकं पाडता पाडता.
ग्रॅच्युइटीच्या कागदावर त्याचा रकाना नव्हता.
तेव्हापासून डावा स्पीकर मला ऐकू येतो
तो समोरच्या भिंतीवर आपटून,
शेजारच्या घरात लागल्यासारखा.

बॅलन्स फिरवा ना उजवीकडे, शालन म्हणाली होती.
फिरवून पाहिलाय, मेहुण्याच्या सेटवर.
डावं उजवीकडे येत नाही त्यानं,
डावं फक्त मरतं.

मागच्या गल्लीत, लाकडी जिन्यावरून वर,
पोटमाळ्यावर मुस्तनसिरभाई बसतात.
पंखा बंद, नाहीतर स्क्रू उडतात.
त्यांनी वॉटचं नावही काढलं नाही.
खोली केवढी, विचारलं. कोण ऐकणार, विचारलं.
मग मी कान दाखवला.

मांडणीच्या तळातून त्यांनी एक खोकं ओढलं,
चंदेरी तोंड, चार बटणं, एक जाड चकती,
माझ्या लग्नाच्या आसपासचं असावं.
वीस वॉट, म्हणाले. पण खरे वीस.
कपॅसिटर बदलले, डाग दिला,
डागाचा तो वास, कारखान्यातला, एकदम नाकात.

सारंगी लावली कुणाची तरी.
डावीकडे होती, म्हणजे माझ्यासाठी भिंतीपलीकडे.
त्यांनी बटण दाबलं. टक्.
सारंगी भिंतीतून निघून समोर येऊन बसली.

आणि मग मुस्तनसिरभाईंनी
स्वतःच्या डाव्या कानावर तळहात गच्च धरला
आणि तसेच ऐकत राहिले, पूर्ण आलाप,
मला काय मिळतंय ते बघायला.

बेचाळीसशे म्हणाले.
घासाघीस करायची ठरवून गेलो होतो. राहूनच गेली.

घरी शालननं कपडे उचलले, तारा जोडल्या,
लाल तांबड्याला, काळी काळ्याला,
मी नुसता टॉर्च धरून.
बटण दाबलं की सगळे एकाच मोढ्यावर बसल्यासारखे वाटतात,
ती म्हणाली. सोडलं की खोली मोठी होते.
तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं,
चार वेळा.
आमची खोली मोठी झालेली मी कधी पाहिली नव्हती.

आता रोज संध्याकाळी बटण आत असतं, माझ्यासाठी.
रविवारी दुपारी मी ते बाहेर काढतो.
ती माझ्या डाव्या बाजूला बसते.
तबला डावीकडे आहे, असं ती म्हणते,
म्हणजे म्हणत असावी,
मला कळतं ते गुडघ्यावरून,
तिथे तिची दोन बोटं ठेका धरतात.

समेवर दर वेळी थोडी उशिरा पोचते.
मी काही बोलत नाही.