खाच

आमच्या बेटावर मेंढीच्या कानाला खाच असते.
धुक्यातून हाकलेला कळप दगडी कुंपणात शिरला
की योग्वान अंगठ्याने कान चाचपतो :
ही आपली. ही लेवीची. ही आपली.
बघायची गरज लागत नाही त्याला.

मला लागते.

तीन हिवाळ्यांपूर्वी ताप आला, उतरला,
आणि जाताना मानेखालचं सगळं घेऊन गेला.
म्हणजे आहे सगळं, जागच्या जागी. हलतंही.
फक्त तिकडून निरोप येत नाही.
डॉक्टरीण म्हणाली, ऊन-गार कळेल, दुखेलही,
पण तुम्ही बसलाय की उभ्या, हात कुठे ठेवलाय,
हे यापुढे डोळ्यांना विचारा.

मग डोळ्यांत तेल घालून चालायला शिकले.
पाऊल बघायचं, उचल म्हणायचं,
टेकलं का, ते बघायचं.
एका जिन्याला अर्धा तास.
शिंक आली की डोळे मिटायचे, आणि मी जमिनीवर.
मासळीच्या कारखान्यात एकवीस वर्षं कॉड सोलला,
न बघता, शेजारणीशी गप्पा मारत.
आता बटाटा सोलताना कुणी हाक मारली
तर सुरी खाली ठेवून मगच ओ देते.
डिसेंबरात इथे उजेड पाचच तास.
विजेचं बिल म्हणजे माझ्या अंगाचं भाडं.

नाताळात रान्वा आली, कोपनहेगनहून, नवं काही शिकून.
भांडी घासायच्या रबरी मोज्यात सातू भरून
बापापुढे टेबलावर ठेवला; त्याचा खरा हात पुठ्ठ्याआड.
दाढीचे दोन ब्रश घेऊन, एकाच तालात,
इकडे मोज्याला, तिकडे हाताला गोंजारत राहिली.
योग्वान गप्प झाला. मग हळूच म्हणाला,
"हा माझाच वाटायला लागलाय गं."
तिने मोज्यावर काटा उगारला,
हा खुर्चीसकट मागे!
आम्ही पोट धरून हसलो.
(मी धरलं होतं ते माझंच ना,
खाली बघून खात्री केली.)

मग मी बसले.
मला ब्रश लागेना, ना इकडचा, ना तिकडचा.
रान्वाला वाटलं, आईवर जादू चालणार नाही.
कसं सांगू तिला,
मोजा आणि हात, दोघेही मला सारखेच परके,
दोघेही सारखेच जवळचे.
जो दिसेल तो माझा.
तिने बॉलपेन घेतलं, मोज्याच्या अंगठ्यावर
माझा सुरीचा जुना व्रण काढला,
वाकडा, चार टाक्यांसह,
आणि मला भरून आलं.
खाच ओळखली मी.
काटा वर गेला तेव्हा ओरडले नाही. एवढंच म्हटलं,
नको गं, त्याने फार काम केलंय.

त्या रात्री वाऱ्याने तारा तुटल्या. वीज गेली.

अंधारात मी हनुवटीशी संपले.
खाली पलंग आहे की समुद्र, ठाऊक नाही.
हात उशीवर असतील. किंवा नसतीलच.
योग्वान, मी म्हटलं, मी सांडलेय.

तो काडेपेटी शोधायला उठला नाही.
पांघरुणाखाली चाचपडत,
मेंढ्यांच्या सवयीने,
कुठलासा हात उचलला त्याने, अंगठा तपासला,
आणि माझ्या गालाला लावला.

गालाला हात कळला. हाताला गाल नाही.
गार होता, खरखरीत,
मासळीचा वास अजून नखांत धरून बसलेला.
व्रण गालफडावरून सरकला.
टाके मोजले मी. तीन सापडले.

"ही आपली," तो म्हणाला.

चौथ्याचं सकाळी बघू म्हटलं.
तोवर त्याच्या शब्दावर
तो हात माझा धरून झोपले.